गोदामामागचा एक इंच

आमच्या तळघरात भिंतीला लागून साडेचार फुटांची एक फळी आहे. तिच्यावर रुळांच्या तीन ओळी, आठ मालडबे, पुठ्ठ्याचं एक गोदाम आणि माझ्या मधल्या बोटाएवढं एक इंजिन. हे इंजिन कुठेही जात नाही. या टोकाकडून त्या टोकाकडे जातं, डबा ओढतं, डबा ढकलतं आणि परत येतं. मराठी मंडळातल्या एका छोट्या मुलीनं एकदा ते पाहून विचारलं होतं, "व्हेअर डझ इट गो?" मी म्हटलं, कुठेच नाही. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि ती वर समोसे खायला निघून गेली.

मला विचाराल तर इंजिनांमधली खरी गंमत या बुटक्या ब्रिटिश शंटिंग इंजिनांतच आहे. इथे मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आमच्या मॉडेल रेल्वे क्लबात सगळ्यांना अजस्र अमेरिकन डिझेल इंजिनं लागतात, एकामागे एक तीन जोडलेली आणि त्यांच्यामागे पन्नास डबे. ती गोल गोल फिरत राहतात आणि मालक खुर्चीत बसून कॉफी पितो. माझ्या इंजिनाला चाकं चार. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी टाकलेली, धुराडं आखूड, आणि ड्रायव्हरच्या केबिनला पाठीमागून भिंतच नाही. पावसात बिचारा भिजणारच. असली खरी इंजिनं एखाद्या गिरणीच्या नाहीतर गोदीच्या आवारात जन्म काढायची. चालत्या माणसाच्या वेगानं जायचं, डबे सोडवायचे, हव्या त्या क्रमानं लावायचे, आणि मग कुणीतरी मोठं इंजिन येऊन ते घेऊन जाणार. मॉडेलमध्येही ते तसंच चालवायचं असतं, इतकं सावकाश की चाकांच्या दांड्या वर-खाली होताना मोजता याव्यात. पळवायला अक्कल लागत नाही, हळू चालवायला लागते, असं मी क्लबात दर महिन्याला कुणाला ना कुणाला तरी ऐकवत असे.

आणखी एक गंमत आहे. ब्रिटिश मॉडेलं अमेरिकन मॉडेलांच्याच रुळांवर धावतात, पण अंगानं किंचित मोठी असतात. जुन्या काळी त्यांच्या छोट्या इंजिनांत मोटर मावेना, म्हणून त्यांनी इंजिन थोडं फुगवलं आणि रूळ तेच ठेवले. त्यामुळे जाणकार माणूस लांबूनच ओळखतो की हे इथलं नाही.

हे वेड माझ्यात आलं दौंडहून. माझं बालपण तिथल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वडील यार्डात शंटिंगचं काम बघायचे. आम्ही पोरं मेल गाडीचं इंजिन पाहायला धावायचो आणि शंटिंगच्या इंजिनाला वेडावून दाखवायचो. वडील फारसं बोलत नसत, पण एकदा जेवताना त्यांनी मला समजावलं होतं, की शंटिंग हे एकट्याचं काम नव्हे. इंजिनवाल्याला डब्यांच्या पलीकडचं काही दिसत नाही. त्यानं खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हाताकडे बघायचं. हात दिसेनासा झाला की थांबायचं. मी मान डोलावली आणि आमटी वाढून घेतली.

इंजिन मात्र निवडलं माझ्या बायकोनं. पुण्याला जाताना आमचं पुढचं विमान चुकलं आणि लंडनजवळच्या एका गावात दोन दिवस काढावे लागले. तिथे मॉडेल रेल्वेचं दुकान होतं. मी एका लांबलचक एक्स्प्रेस इंजिनासमोर लाळ गाळत उभा होतो. ती कोपऱ्यातल्या कपाटापाशी गेली आणि म्हणाली, "अहो, हे घ्या. कोण घेणार याला? आणि माझ्या पर्समध्ये मावेल." मी कुरकुरलो. आठवडाभरानं पुण्यात भावाच्या जेवणाच्या टेबलावर ते एक फूट रुळावर चालवून पाहिलं आणि त्यानंतर एक्स्प्रेसचं नाव काढलं नाही.

परत आल्यावर मी ही फळी बांधली. तिच्यावरचा खेळ असा: आठ डब्यांच्या आठ चिठ्ठ्या एका स्टीलच्या वाटीत. त्यातल्या पाच उचलायच्या आणि ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं पाच डब्यांची गाडी लावायची. मिठाचा डबा, कोळशाचा, घासलेटची टाकी, गुरांचा डबा, असे ते डबे. जागा इतकी कमी की एक डबा इकडचा तिकडे करायला कधी कधी बारा हालचाली कराव्या लागतात. मी डाव्या टोकाला उभा राहायचो. इंजिनाचा कंट्रोलर तिथे होता, आणि डबे सोडवायची आकड्याची काडी माझ्या हातात असायची. बायको उजव्या टोकाला एका बुटक्या स्टुलावर बसायची, मांडीवर वाटी घेऊन. रुळांचे सांधे बदलायच्या दोन तारा तिच्या बाजूला होत्या. मी ओरडायचो, "दोन!" ती तार ओढायची आणि म्हणायची, "झालं." तासभर आमचं एवढंच बोलणं चाले. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही ज्या जागी कधी भांडलो नाही अशी ही एकच जागा असावी. गुरांचा डबा घासलेटच्या शेजारी आला की ती गुपचूप चिठ्ठी बदलायची, तेवढ्यापुरतं मी आवाज चढवायचो.

सांध्यांपुढे, फळीच्या कडेला, पुठ्ठ्याचं गोदाम होतं. ते मी तीन रविवार खपून केलं होतं. इंजिन त्याच्या मागे दिसेनासं व्हायचं आणि दुसऱ्या बाजूनं धीम्या चालीनं बाहेर यायचं. मला ते फार आवडायचं. मी म्हणायचो, बघ, रांगत्या वेगानं सांध्यावरून जातंय आणि एकदाही अडखळत नाही. चार चाकांची इंजिनं सांध्यावर हमखास अडकतात, क्लबात कुणालाही विचार. आपलं नाही अडकत. रूळ घालणाऱ्याच्या हातात असतं ते! यावर ती वाटीतल्या चिठ्ठ्या हलवत म्हणायची, "फार शहाणं आहे हो तुमचं इंजिन."

अडकतात ती का, तेही सांगतो. इंजिनाला वीज मिळते रुळांतून, चाकांवाटे. सांध्याच्या मध्ये, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तिथे प्लास्टिकचा एक तुकडा असतो. जेमतेम एक इंच. त्यात वीज नसते. लांब इंजिनाची बाकीची चाकं तोपर्यंत चांगल्या रुळावर असतात, ते निघून जातं. छोट्याला आधाराला फारशी चाकंच नसतात. मग मालक इकडेतिकडे पाहतो आणि बोटानं ढकलतो. क्लबात या बोटाला "पाच चाकांचं इंजिन" म्हणतात आणि ज्याला ते वापरावं लागतं त्याची यथेच्छ टिंगल होते. टिंगल करणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा असे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ती गेली. मी फळीवर जुनी चादर टाकली आणि वर येऊन तळघराचा दिवा बंद केला. लोक आले, जेवणाचे डबे आणले, काका काही लागलं तर सांगा म्हणाले, आणि आपापल्या कामाला लागले. त्यांचं काही चुकलं नाही. पण या घरात इतकी शांतता असू शकते हे मला ठाऊक नव्हतं. घर गरम करणारी फर्नेस सुरू झाली की मला बरं वाटायचं, कारण कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटायचं. बसमध्ये ड्रायव्हरला "थँक यू" म्हटलं की लक्षात यायचं, आजच्या दिवसातले हे माझे पहिले शब्द.

मुलगी टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला असते. रोज संध्याकाळी तिचा फोन. "बाबा, इट्स टू मच स्नो देअर. तुम्ही इकडे या ना. खालची रूम रिकामीच आहे." मी सांगायचो, मला एकट्याला सगळं जमतं. बर्फ मी काढतो, पोळ्या मी लाटतो, त्या गोल येत नाहीत पण पोटात गेल्यावर कुणाला दिसतंय? डिसेंबरमध्ये ती रडली. त्या रडण्याला मी घाबरलो, आणि वेळ मारून नेण्यासाठी म्हणालो, फेब्रुवारीत आमच्या क्लबाचं प्रदर्शन आहे, ते झालं की सांगतो.

फोन ठेवल्यावर मात्र मी मनाशी खरोखरच पैज लावली. प्रदर्शनात ही फळी न्यायची. लोकांसमोर पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि सांधे, काडी, कंट्रोलर, सगळं एकट्यानं सांभाळून गाडी लावून दाखवायची. जमलं, तर मी इथेच राहणार आणि मुलीला तसं ठणकावून सांगणार. नाही जमलं, तर फ्रिस्को. असल्या पैजा सत्तरी ओलांडलेल्या माणसानं लावू नयेत हे मलाही कळतं. पण मला जिंकायची खात्री होती.

जानेवारीत चादर काढली. रूळ खोडरबरानं घासले, इंजिनाला सुईच्या टोकानं तेलाचा थेंब दिला, आणि सुरू केलं. ते निघालं, डबा ओढून गोदामामागे गेलं, आणि बाहेर आलं नाही.

धूळ, म्हटलं. दहा महिन्यांची धूळ. पुसलं, पुन्हा चालवलं. गोदामामागे गेलं आणि तिथेच थांबलं. पुढचा आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. चाकं कापसाच्या काडीनं पुसली. मोटर उघडली. वजन कमी पडतंय असं वाटून मासे पकडायच्या सामानाच्या दुकानातून शिशाच्या गोळ्या आणल्या आणि टाकीत भरल्या. सरळ रुळावर इंजिन असं चालायचं की बघत राहावं. गोदामामागे गेलं की मेलं. मला इंजिनाचा राग आला आणि मग भीती वाटली. इतकी वर्षं न अडलेली गोष्ट नेमकी आताच अडावी? माझेच हात गेले असतील का?

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी, दुपारी, क्लबातला एक मित्र फळी किती लांब आहे ते पाहायला आला. शनिवारी ती त्याच्या व्हॅनमधून न्यायची होती. हा निवृत्त बस ड्रायव्हर. याच गावच्या सिटी बसवर त्याची नोकरी झाली. आमच्याकडे तो सहा-सात वर्षं अधूनमधून रविवारी यायचा, माझ्या बायकोच्या हातचे पोहे खायचा आणि तिच्या स्टुलामागे उभा राहून आमचा खेळ बघायचा. मी त्याला काही सांगितलं नाही. म्हटलं, हा समोर असला तर कदाचित चालेल. कंट्रोलर फिरवला. इंजिन गोदामामागे गेलं आणि थांबलं.

तो सवयीनं उजव्या टोकालाच उभा होता. हसून इंग्रजीत म्हणाला, "काय, पाच चाकांचं इंजिन आज रजेवर वाटतं?"

म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं डोक्यावरची लोकरीची टोपी काढली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"तुला खरंच माहीत नाही?"

मग त्यानं सांगितलं. तो पहिल्यांदा आला त्याच दिवशी त्यानं पाहिलं होतं. इंजिन गोदामामागे आलं की ती हात पुढे करायची आणि नखानं त्याला एक हलका धक्का द्यायची, इंजिनाकडे न बघताच. ते पुढे सरकायचं आणि हात परत वाटीवर. तो बघतोय हे लक्षात आल्यावर तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिचकावले. "दर वेळी," तो म्हणाला. "दर फेरीला. मला वाटलं, तुला ठाऊक आहे आणि तू तिला करू देतोस. नवरा-बायकोत असतं असं काही काही."

मी त्याच्यावर भडकलो. सहा वर्षं तू मला मूर्ख बनवलंस, असं म्हणालो. तो बिचारा उभाच राहिला. म्हणाला, त्या प्लास्टिकच्या तुकड्याच्या जागी धातूचा बसवून खालून एक तार डाख देऊन जोडू, अर्ध्या तासाचं काम आहे, मग कुणाच्या बोटाची गरजच नाही. मग तो म्हणाला, "नाहीतर असं करू, शनिवारी मी बसतो इथे," आणि त्यानं स्टूल पायानं जवळ ओढलं.

"त्याला हात लावू नकोस," मी म्हणालो. त्यानं पाय लावला होता, पण माझ्या तोंडून हेच आलं, आणि आवाज फार मोठा निघाला. त्यानं टोपी घातली, माझा खांदा थोपटला आणि तो गेला. त्याच्या व्हॅनचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला. मला लाज वाटली. त्याची माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली.

डाख द्यायचं सामान माझ्याकडे होतंच. आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होतो मी. सोल्डरिंगची कांडी तापायला लावलीसुद्धा. ती तापून धूर येऊ लागला आणि मी तिचा प्लग काढला. ती तार लागली असती तर त्या एका इंचाला बायकोच्या बोटाची गरज उरली नसती. दुसरं कारण नाही. इंजिनिअरला शोभणारं हे कारण नव्हे.

मग मी एकट्यानं प्रयत्न केला. डावीकडे कंट्रोलर हळूवर ठेवला, उजवीकडे धावलो, इंजिनाला बोट लावलं. ते निघालं. पुन्हा डावीकडे धावलो थांबवायला. पोहोचेपर्यंत इंजिन डब्यांवर आदळलं आणि मिठाचा डबा फळीवरून खाली पडला. दुसऱ्यांदा गुडघा कपाटाला लागला. तिसऱ्यांदा कोळशाचा डबा पडला. साडेचार फूट अंतर, आणि माझे हात दोन्हीकडे एकदम पोहोचत नव्हते. वडिलांनी सांगितलं होतं, इंजिनवाल्यानं खालच्या माणसाच्या हाताकडे बघायचं. मी इतकी वर्षं फक्त इंजिनाकडे पाहिलं. वर गोदाम बांधून तो हात झाकूनही टाकला, आणि त्या गोदामाचीच फुशारकी मारली.

दम लागला म्हणून मी तिच्या स्टुलावर टेकलो. त्या स्टुलावर मी कधी बसलोच नव्हतो. ते इतकं बुटकं आहे की डोळे फळीच्या पातळीला येतात. तिथून खेळातलं काही म्हणजे काही कळत नाही. डबे एकामागे एक लपतात, कुठला कुठे आहे ते दिसत नाही. इंजिनाची पाठ दिसते. गोदामाची मागची बाजू दिसते, जी मी रंगवलीच नव्हती. आणि छपराच्या वर, समोर, मी उभा राहतो ती जागा दिसते. माझा चेहरा असायचा तिथे. त्या जागेवरून बघण्यासारखं एवढंच होतं, आणि ती तासन्‌तास बघत बसायची. मी तिथे रडलो. ती गेल्यानंतर इतका पहिल्यांदाच.

खाली पडलेले डबे उचलले. मिठाच्या डब्याचं एक चाक निखळलं होतं, ते खिशात ठेवलं. रोज मुलगी फोन करते, त्या दिवशी मी लावला. तिच्याकडे अजून ऑफिस चालू होतं. ती घाबरूनच म्हणाली, "बाबा? एव्हरीथिंग ओके?"

"तुझ्या त्या खालच्या रूममध्ये," मी म्हणालो, "भिंतीला लागून साडेचार फूट जागा निघेल का? जरा मोजून सांग."

ती म्हणाली, "निघेल. निघेलच, बाबा. व्हॉट फॉर?"

"फळी ठेवायला. आणि तिच्या उजव्या बाजूला थोडी जास्त जागा सोड," मी म्हणालो. "एक स्टूल आणतोय."